‘लोगोचे किती घेता?’ : फ्रीलान्स डिझायनरने दर कसा वाढवावा

‘लोगोचे किती घेता?’ असा मेसेज आला की आपल्याकडचे बहुतेक डिझायनर लगेच आकडा पाठवून मोकळे होतात. तीन हजार. समोरून ‘थोडं बघा ना’ येतं, पाचशे कमी होतात आणि काम सुरू होतं. मग न संपणारी करेक्शन, ओपन फाइलची, म्हणजे बदल करता येणाऱ्या मूळ फाइलची मागणी, वर ‘तेवढं व्हिजिटिंग कार्डही टाकून द्या’.

दर वाढवायचा म्हणजे त्या मेसेजच्या उत्तरात तीनऐवजी दहा हजार लिहायचे, असा अनेकांचा समज असतो. तसं केलं की समोरचा गायब होतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. त्याला तुमच्याबद्दल दोनच गोष्टी माहीत आहेत, तुम्ही लोगो करता आणि तुमचा आकडा. दुसऱ्या डिझायनरबद्दलही त्याला एवढंच माहीत आहे. मग तो आकड्यावरच निवड करणार. म्हणून आकडा सांगण्याआधी त्याच्या हातात तुलनेसाठी दुसरं काहीतरी द्यायला हवं. ते काय आणि कसं द्यायचं, ते इथे क्रमाने सांगतो. उदाहरणं खाद्यपदार्थांच्या पॅकिंगची घेतली आहेत, कारण महाराष्ट्रात गावोगाव मसाले, लोणची, फराळ बनवणारे उद्योग आहेत आणि त्यांना डिझायनर लागतोच. तुमचं क्षेत्र वेगळं असेल तर उदाहरण बदला, क्रम तोच ठेवा.

१. आधी स्वतःचा तळ काढा

हा हिशेब क्लायंटला दाखवायचा नाही, पण तो केल्याशिवाय आवाजात ठामपणा येत नाही. समजा वर्षाचा घरखर्च ४,८०,००० रुपये. सॉफ्टवेअर, इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज, प्रवास मिळून १,२०,०००. कर, विमा आणि रिकाम्या महिन्यांची तरतूद आणखी १,२०,०००. एकूण ७,२०,०००. आता तास. आठवड्याला चाळीस तास काम केलं तरी पैसे मिळतील असे तास निम्मेच असतात. उरलेले फोन, कोटेशन, वसुली आणि ‘एकदा भेटून बोलू’ यात जातात. वर्षाचे ४८ आठवडे, आठवड्याला २० तास, म्हणजे ९६० तास. भागाकार केला की तासाला ७५० रुपये.

याच्या खाली घेतलेलं प्रत्येक काम तुम्ही घरातून पैसे घालून करता. लोगोला भेटी आणि करेक्शन धरून १६ तास जात असतील तर १२,००० हा तळ झाला, दर नव्हे. दर त्याच्या वर सुरू होतो. क्लायंटला मात्र तासाचा भाव कधीच सांगू नका. तासाने घेतलं की हात जितका सफाईदार होईल तितके पैसे कमी मिळतात, आणि ‘एवढ्याशा कामाला एवढे तास?’ हा वाद फुकटचा.

२. ‘सर्व प्रकारची कामं वाजवी दरात’ हे आजच पुसा

इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस, लिंक्डइन, जिथे जिथे स्वतःची ओळख लिहिली आहे तिथे जाऊन बघा. साधारण अशी असते: ‘ग्राफिक डिझायनर. लोगो, ब्रोशर, फ्लेक्स, लग्नपत्रिका, सोशल मीडिया पोस्ट. सर्व प्रकारची डिझायनिंगची कामं वाजवी दरात.’ यातला ‘वाजवी’ हा शब्द म्हणजे घासाघीस सुरू करण्याचं आमंत्रण आहे, तेही तुम्हीच धाडलेलं.

आता हे वाचा: ‘मसाले, लोणची आणि फराळाच्या उद्योगांसाठी पाउच आणि लेबल डिझाइन करते. मराठी-इंग्रजी मजकुराची मांडणी, कायद्याने लागणारा तपशील आणि छपाईला तयार फाइल, तिन्ही एकाच ठिकाणी.’

दुसरी ओळख वाचून लग्नपत्रिकावाले फोन करणार नाहीत, ही भीती खरी आहे. पण पत्रिका आल्या तर कोणी नको म्हणालेलं नाही. त्या करा, फक्त दाखवू नका. एकच क्षेत्र निवडण्याची छाती होत नसेल तर गेल्या दोन वर्षांची बिलं काढा आणि सगळ्यात कमी कटकटीत पैसे देणारे क्लायंट कोणत्या धंद्यातले होते ते पाहा. बहुतेकदा उत्तर तिथेच असतं.

मराठी डिझायनरच्या हाताशी आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे देवनागरीची जाण. आपण ती कधी सांगतच नाही. ‘कैऱ्यांचं तिखट लोणचं’ एवढा मजकूर इलस्ट्रेटरमध्ये पेस्ट करून बघा. भारतीय भाषांची सेटिंग चालू नसेल तर वेलांट्या पुढेमागे जातात, ऱ्या तुटतो, जोडाक्षरं सुटी होतात. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात आणि मराठी गिऱ्हाइकाला ते खटकतात, का ते सांगता आलं नाही तरी. हे जाणणारा आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता, बलू असे मोकळ्या परवान्याचे फॉन्ट योग्य जागी वापरणारा माणूस बाहेरच्या स्वस्त डिझायनरशी स्पर्धेतच नसतो. तेव्हा ओळखीत हे स्पष्ट लिहा.

३. पोर्टफोलिओ: चित्रं कमी, निर्णय जास्त

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पोर्टफोलिओत चाळीस कामं असतील तर सहा ठेवा. नवा क्लायंट तुमच्या सर्वोत्तम कामावरून नाही, सर्वात कच्च्या कामावरून तुमचा अंदाज बांधतो. शिवाय जे दाखवाल तेच काम पुन्हा येतं. वाढदिवसाचे फ्लेक्स दाखवले तर वाढदिवसाचे फ्लेक्स येणार.

मग त्या सहा कामांशेजारी लिहा. आपल्याकडे या जागी काय असतं? ‘क्लायंट: अमुक मसाले. काम: पाउच डिझाइन. सॉफ्टवेअर: इलस्ट्रेटर, फोटोशॉप.’ सॉफ्टवेअरचं नाव वाचून कुठल्याही कारखानदाराने आजवर जास्त पैसे दिलेले नाहीत. त्याला वाचायचं असतं ते त्याच्यासारख्याच दुसऱ्या माणसाची अडचण काय होती आणि ती कशी सुटली.

समजा, कोल्हापूरकडच्या एका कांदा-लसूण मसाल्याच्या पाउचचं काम केलं आहे. ते असं लिहिता येईल:

‘हा मसाला तीन तिखटपणांत मिळतो. जुन्या पाकिटांवर फरक फक्त कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांत होता. दुकानदार घाईत चुकीचं पाकीट द्यायचा आणि ते परत यायचं. आम्ही वरच्या पट्टीला तीन रंग दिले, त्यामुळे रॅकमध्ये मागे राहिलेलं पाकीटही ओळखू येतं. बाकी डिझाइन तिन्हींत सारखंच ठेवलं आणि फरक एकाच सिलिंडरमध्ये बसवला. त्यामुळे तीन प्रकारांसाठी सिलिंडरचे तीन पूर्ण संच करावे लागले नाहीत.’

पाउच साधारणपणे रोटोग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापले जातात. त्यात प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर कोरावा लागतो आणि तो खर्च क्लायंटच्या माथी बसतो. आठ रंगांचं काम सहात बसवणारा डिझायनर दोन सिलिंडर वाचवतो. ही बचत आकड्यात मांडता येते, आणि तिच्या शेजारी तुमची फी ठेवली की ती आपोआप लहान दिसते. छापखान्याला फोन करून त्या वेळचा सिलिंडरचा भाव विचारा आणि तोच लिहा, अंदाजाने ठोकून देऊ नका.

असे बारीक निर्णय तुमच्या प्रत्येक कामात असतात, सवयीमुळे ते तुम्हालाच दिसत नाहीत. मसाल्याचं पाकीट लाल, म्हणून क्लायंटला बारकोडही लाल हवा असतो. तुम्ही तो काळा केलात, कारण स्कॅनरचा प्रकाश लाल असतो आणि लाल रेघ त्याला पांढऱ्यासारखीच दिसते. एवढ्या एका निर्णयामुळे सुपरमार्केटच्या काउंटरवरून माल परत आला नाही. हिरव्या ठिपक्याचं शाकाहाराचं चिन्ह, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह एमआरपी, बॅच नंबर, तक्रारीसाठीचा पत्ता हे सगळं तुम्ही आपापल्या जागी नीट बसवलंत. वजनमापाच्या नियमांत काही अक्षरांची किमान उंचीसुद्धा ठरलेली आहे, तीही सांभाळलीत. क्लायंटच्या दृष्टीने ही कलाकुसर नव्हे, हा विमा आहे. आणि तुमच्या पोर्टफोलिओत याची एक ओळसुद्धा नसते!

फोटोंचंही बघा. फुकट मिळणाऱ्या मॉकअपवरचा, म्हणजे डिझाइन चिकटवायच्या तयार चित्रावरचा तोच कॉफीचा कप आता सगळ्यांनी पाहिला आहे. किराणा दुकानाच्या रॅकवर इतर पाकिटांच्या गर्दीत उभं असलेलं तुमचं पाकीट, मोबाइलवर काढलेलं असलं तरी, त्याहून जास्त काम करतं. माल बाजारात आल्यावर क्लायंटकडून दोन फोटो मागून घ्या. काम जाहीर दाखवण्याची परवानगी मात्र आधीच, कोटेशनमध्येच घेऊन ठेवा.

सुरुवात असेल आणि दाखवायला काम नसेल तर अमूलचं किंवा पार्लेचं पाकीट नव्याने करत बसू नका. ते प्रत्येक विद्यार्थी करतो आणि त्यांचे खरे अडथळे तुम्हाला ठाऊक नाहीत. जवळच्या बचत गटाचे पापड घ्या, विकणाऱ्या ताईंशी अर्धा तास बोला, त्यांची अडचण सोडवा. खाली ‘स्वतःहून केलेलं काम’ असं स्पष्ट लिहा.

४. दुसऱ्याच्या तोंडून बोलवा

‘सर, रिव्ह्यू द्या ना’ म्हटलं की ‘खूप छान काम, ऑल द बेस्ट’ मिळतं, ज्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी तीन प्रश्न पाठवा. काम देण्याआधी कशाची धास्ती वाटत होती? काम चालू असताना काय सोपं गेलं? आता दुकानदार किंवा गिऱ्हाइकं काय म्हणतात? बहुतेक लोक व्हॉइस नोट पाठवतील. त्यांच्याच शब्दांतल्या तीन ओळी काढा, त्यांना दाखवा, होकार घेऊन वापरा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वात मोलाचं असतं, कारण पुढच्या क्लायंटच्या मनातही तीच धास्ती असते.

५. हे सगळं ठेवायचं कुठे?

यावर लोक महिनोन्‌महिने घालवतात. गरज नाही. बिहान्स या डिझाइनची कामं दाखवायच्या वेबसाइटवर सहा कामं नीट मांडा, त्यांचीच दहा पानांची पीडीएफ करा आणि व्हॉट्सॲपवर पाठवता येईल इतकी हलकी ठेवा. लहान उद्योजक लिंक उघडत नाही, पीडीएफ उघडतो आणि भागीदाराला पुढे पाठवतो. स्वतःची वेबसाइट सवडीने होईल. फाइलचं नाव ‘फायनल-न्यू-३’ असं ठेवू नका. तुमचं नाव आणि काम त्यात हवं, कारण चार जणांना फॉरवर्ड झाल्यावर तेवढंच उरतं.

६. आकडा विचारल्यावर

आता तो मेसेज पुन्हा आला आहे. उत्तर फोनवर द्या.

‘ताई, लेबलचे किती घेता?’
‘काका, आकडा सांगतेच, लपवत नाही. त्याआधी चार गोष्टी विचारू? माल सध्या कुठे विकता, दुकानांत की प्रदर्शनांत?’
‘आत्तापर्यंत प्रदर्शनांत. आता पुण्यातल्या दुकानांत ठेवायचाय.’
‘म्हणजे बारकोड लागेल. घेतलाय का?’
‘तो कुठून घ्यायचा?’

इथे बोलणं बदललं. काका आता भाव विचारत नाहीत, सल्ला विचारत आहेत. बारकोडचे क्रमांक जीएस१ इंडिया देते आणि भारतातले ८९० ने सुरू होतात, एवढं सांगायला तुमचं अर्धं मिनिट जातं. पुढे विचारा: छपाई कुठे आणि किती नगांची, माल बाजारात कधी आणायचा, शेवटचा होकार कोण देणार? हा शेवटचा प्रश्न कधीही सोडू नका. निम्मी करेक्शन्स मुलाला, सुनेला किंवा भागीदाराला न दाखवता पुढे गेलेल्या डिझाइनमुळे होतात.

मग अंदाज सांगा: ‘अशी कामं माझ्याकडे १२ ते ४० हजारांच्या दरम्यान होतात. उद्या संध्याकाळपर्यंत नीट लिहून पाठवते.’ आणि थांबा. ‘पण तुमच्यासाठी बघू काहीतरी’ हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. समोरची शांतता म्हणजे नकार नव्हे, तो मनात हिशेब करत असतो.

७. कोटेशन हाच तुमच्या कामाचा पहिला नमुना

डिझायनरचं कोटेशन मेसेजमध्ये टाइप केलेलं असेल तर तो काय दर्जाचं लेबल देणार? दोन पानांची नीटस पीडीएफ करा. पहिल्या परिच्छेदात फोनवर काय समजलं ते त्यांच्याच शब्दांत लिहा: माल पुण्यातल्या दुकानांत न्यायचा आहे, दिवाळीच्या आधी, तीन प्रकारांत. मग तीन पर्याय द्या. १२,०००: एका प्रकाराचं लेबल, छपाईची फाइल. २२,०००: तिन्ही प्रकार, मागच्या बाजूच्या सगळ्या मजकुराची तपासणी, छापखान्याशी बोलणं. ३८,०००: हे सगळं, शिवाय लोगोची डागडुजी, खोक्याचं डिझाइन आणि पहिल्या छपाईच्या वेळी हजर राहणं. आकडे तुमच्या तळावरून काढा. पर्याय दिले की ‘घेऊ की नको’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कोणता घेऊ’ हा पुढे येतो.

अटी साध्या मराठीत लिहा. ५० टक्के ॲडव्हान्स, तो आल्यावर काम सुरू. दोन फेऱ्या करेक्शन, तिसरीपासून वेगळे पैसे, किती तेही लिहा. उरलेले पैसे मिळाल्यावर अंतिम फाइल. कोटेशनची मुदत १५ दिवस.

हक्कांची ओळ बहुतेक जण लिहीत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ज्याला माल पुढे दुबईला पाठवायचा आहे त्याला तुमच्याकडून नीट लिहिलेला कागद हवाच असतो. ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर कायमस्वरूपी, सर्व देशांसाठी हक्क तुमचे’ हे लिहून द्या आणि त्याची किंमत दरात धरा. ओपन फाइल हवी असेल तर ती वेगळी बाब म्हणून दाखवा.

कराचं थोडक्यात. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर महाराष्ट्रात साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर १८ टक्के ‘वेगळा’ असं ठळक लिहा, नाहीतर क्लायंट तो आतच धरतो. कंपन्या व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस कापतात. तो बुडालेला पैसा नसून विवरणपत्र भरताना जमेला येतो, म्हणून तेवढ्यासाठी दर फुगवू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र काम घेण्याआधीच करून ठेवा. ती मोफत आहे आणि तिचा क्रमांक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. वेळेत पैसे न दिल्यास तो खर्च क्लायंटला, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच करातून वजावटीसाठी दाखवता येतो. हे त्याच्या सीएला पक्कं ठाऊक असतं, त्यामुळे तो क्रमांक पाहून हिशेब खात्याचा सूर बदलतो.

८. जुने क्लायंट

नवा दर आधी नव्यांना लावा. दोन-तीन जणांनी तो मान्य केला की जुन्यांकडे वळा. वेळ बघून वळा. गणपती ते दिवाळी हा आपल्याकडे धावपळीचा काळ, त्यात अडवून दर वाढवला तर तो दंशासारखा लक्षात राहतो. १ एप्रिल उत्तम, कारण नवं आर्थिक वर्ष म्हटलं की कोणी कारण विचारत नाही. महिनाभर आधी असा मेसेज पाठवा:

‘नमस्कार सर, १ एप्रिलपासून माझे दर बदलत आहेत. लेबलचं काम १८,००० पासून सुरू होईल. सध्या चालू असलेली आणि ३१ मार्चपर्यंत ॲडव्हान्स आलेली कामं जुन्याच दराने पूर्ण करेन. नवं दरपत्रक सोबत जोडलं आहे.’

माफी नको, महागाईचं गाऱ्हाणंही नको. दोन-चार क्लायंट जातील. जे जातात ते बहुधा सर्वात जास्त करेक्शन काढणारेच असतात, हा माझा तरी अनुभव आहे.

घासाघीस झाली तर आकडा कमी करू नका, काम कमी करा. ‘१५ हजारांत बसवायचं तर तिसरा प्रकार पुढच्या महिन्यात करू.’ तेवढंच काम कमी पैशांत दिलंत तर आधीचा आकडा खोटा होता हे तुम्हीच कबूल केलंत. नातेवाइकांसाठी माझा नियम सोपा आहे: एकतर पूर्ण दर, नाहीतर पूर्ण फुकट. फुकट केलं तरी बिल पाठवायचं, त्यात पूर्ण रक्कम आणि खाली तेवढीच सूट. मामाला आकडा कळतो आणि मामाच्या मित्रालाही.

परदेशी क्लायंटसाठी फायव्हरसारख्या ठिकाणी सुरुवात करणार असाल तर तिथे तुमच्या कमाईतले २० टक्के कापले जातात, ते दरात धरा. जीएसटी नोंदणी असेल तर निर्यातीसाठी एलयूटी हे हमीपत्र भरा, म्हणजे कर न लावता बिल करता येतं.

९. कोटेशन पाठवलं आणि उत्तरच नाही

हे वारंवार होणार. चौथ्या दिवशी एक मेसेज: ‘काका, कोटेशन बघितलंत का? काही शंका असेल तर आज चारनंतर फोन करू शकते.’ मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुसरा: ‘उद्या या कोटेशनची मुदत संपते, त्यानंतर तारखा आणि दर नव्याने द्यावे लागतील.’ तिसरा पाठवू नका. काही जण दोन-तीन महिन्यांनी, स्वस्तातलं काम छापून फसल्यावर परत येतात आणि जुन्याच आकड्याची आठवण करून देतात. तेव्हा वाद घालायचा नाही, आदल्या कोटेशनवरची तारीख दाखवायची आणि नवं कोटेशन पाठवायचं.